चटणीच्या बाटलीचं झाकण

अंकल मला पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गावही विचारलं नाही. आम्हा बेने इस्रायल, म्हणजे मूळच्या कोकणातल्या ज्यू मंडळींत हे जवळजवळ अपमान करण्यासारखंच आहे. आमच्यात दोन माणसं भेटली की आधी कोकणातलं मूळ गाव काढायचं, मग आडनाव, मग कुणाची आत्या कुणाकडे दिली ते. नातं निघेपर्यंत चहा पुढे करायचा नाही. अंकलनी मात्र माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "झाकण कुठंय?"

इस्रायलमधल्या लोद गावच्या आमच्या वस्तीत कुणाच्या तरी मुलीची मेंदी होती आणि मी नवा कॅमेरा मिरवायला गेलो होतो. नवा म्हणजे माझ्यासाठी नवा. त्या वर्षांत रशियातून माणसांचा लोंढा आला होता आणि त्यांच्याबरोबर आलेलं सामान याफोच्या जुन्या बाजारात चादरींवर मांडलेलं असे. पदकं, समोवार, बुद्धिबळाचे पट आणि कॅमेरे. त्यातला एक जुना रेंजफाइंडर कॅमेरा मी उचलला. का उचलला म्हणाल, तर तो हातात धरल्यावर मी हुशार दिसतो असं मला वाटलं. फोटोग्राफीशी माझा संबंध एवढाच.

झाकण आहे, पण बसत नाही, असं मी अंकलना सांगितलं आणि खिशातून काढून दाखवलं. लेन्सच्या पुढच्या कड्यावर पन्नासचा आकडा कोरलेला होता, म्हणून मी दुकानात जाऊन ऐटीत पन्नासचं झाकण मागून आणलं होतं. ते लेन्सवर ठेवलं की पेल्यावर पातेल्याचं झाकण ठेवल्यासारखं दिसे. अंकलनी ते बोटात धरून उलटसुलट केलं.

"तो पन्नास नजरेचा नंबर आहे रे. लेन्स किती लांबचं बघते, त्याचा. डोक्याचं माप नव्हे ते," ते म्हणाले. "चष्म्याचा नंबर बघून टोपी घेतोस काय तू?"

आजूबाजूच्या बायका हसल्या. नवरी मुलगीही हसली. त्या संध्याकाळी माझी ओळख झाली ती अशी, आणि पुढे कितीतरी वर्षं वस्तीतल्या पोरी मला 'पन्नासवाले' म्हणत.

अंकल विमानतळावरच्या दुरुस्तीच्या शेडमधून निवृत्त झालेले. मी तिथल्याच मालाच्या गोदामात होतो, पण शेडवाले गोदामवाल्यांकडे बघत नसत, त्यामुळे आमची गाठ कधी पडली नव्हती. राहायला मात्र आमच्याच इमारतीत, दोन मजले वर. अंगात बारा महिने ते खूप खिशांचं खाकी जाकीट. लग्नातही तेच, सिनेगॉगातही तेच. वस्तीतली मेंदी, बार मित्झवा म्हणजे मुलांची मुंज, नवसाचा मलिदा, सगळ्याचे फोटो अंकल काढत, आणि कुणाकडून काही घेत नसत. त्याबदल्यात ते लोकांना मनसोक्त ओरडून घेत.

फोटोच्या वेळी कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. सगळ्यांना रांगेत उभं करायचे, कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावायचे आणि गरजायचे, "शेकेत!" म्हणजे शांतता. पाठोपाठ मराठीत, म्हाताऱ्या बायकांसाठी, "जिभा आत! डोळे उघडे! बटन दाबेपर्यंत कोणी बोलला तर त्याचा फोटो कापून टाकीन!" मग इतका वेळ लावायचे की लोकांचा श्वास कोंडायचा. याचा परिणाम असा, की आमच्या वस्तीतल्या त्या सगळ्या वर्षांच्या फोटोंत नवरा-नवरीसकट प्रत्येकाचं तोंड घट्ट मिटलेलं आहे. बाहेरचा कुणी ते अल्बम बघेल तर त्याला वाटेल, या लोकांकडे लग्न ठरलं की घरात दुखवटा पाळतात.

आता झाकणाचं सांगतो. अंकलच्या कॅमेऱ्यालाही मूळ झाकण नव्हतं. त्यांनी त्यावर बसवलं होतं येमेनी हिरव्या चटणीच्या बाटलीचं झाकण. लालभडक, प्लास्टिकचं, आतून जुन्या मोज्याची पट्टी चिकटवलेलं. ते नीट बसतही नसे, चालताना खडखड वाजे. शिवाय ती चटणी लसणीची, आणि कितीही धुतलं तरी त्या झाकणाला लसणीचा वास होताच. मी एकदा म्हणालो, "अंकल, बाजारात काळी, पातळ, सुंदर झाकणं मिळतात. हे काय लावलंत?"

त्यावर त्यांनी मला जिन्यातच उभं करून शिकवणी दिली. या जातीच्या कॅमेऱ्यात आपण लेन्समधून बघतच नाही, शेजारच्या छोट्या खिडकीतून बघतो. लेन्सवर झाकण असलं तरी खिडकीतून सगळं लख्ख दिसतं. माणसं दिसतात, बटन दाबलं जातं, टिक असा आवाज येतो, आणि आत फिल्मवर काळोख. तेव्हा झाकण कसं हवं? दिसायला वाईट हवं, म्हणजे समोरच्याला खुपेल. सैल हवं, म्हणजे वाजेल. आणि वासाचं हवं.

"वासाचं कशाला?"

"कॅमेरा तोंडाशी नेला की नाकात लसूण. लसूण आली की समजायचं, झाकण वर आहे. डोळा फसतो, कान फसतो. नाक नाही फसत."

हे त्यांचं तत्त्वज्ञान झाकणापुरतं नव्हतं. चांगली वस्तू माणसाला झोपवते, असं ते म्हणत. त्यांच्या घराच्या किल्ल्या पितळेच्या डावाला बांधलेल्या होत्या, म्हणजे खिशात विसरणं शक्य नाही. दाराच्या बिजागरीत तेल घालायला त्यांनी आंटींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, बंदी केली होती. दार कुरकुरलं की कळतं कोणी आलं. हाताचं घड्याळ ते मुद्दाम पुढे ठेवत, आणि ते किती पुढे आहे हे त्यांना कधीच नक्की आठवत नसे. आंटी म्हणत, "या माणसाला सगळ्या वस्तू बिघडलेल्या लागतात. माझ्यात काय बिघाड बघून लग्न केलंन, देव जाणे."

झाकणामागची गोष्ट ते स्वतःच सांगत, प्रत्येक मेंदीला, तिखटमीठ लावून. तरुणपणी ते एकटेच घरातून इकडे यायला निघाले. आई-वडील आणि थोरली बहीण, अक्का, अलिबागकडच्या गावीच राहणार होते. मुंबईतल्या साहेबाचा कॅमेरा मागून आणला, अंगणात सगळ्यांना उभं केलं आणि अख्खा रोल काढला. फिल्म धुतली इथं आल्यावर. सगळी कोरी. झाकण काढलंच नव्हतं. अंगणातल्या कुणालाही त्यात काही चूक वाटली नव्हती, कारण कॅमेरा त्यांनी आधी पाहिलाच नव्हता. पुढे आई गेली, वडील गेले. अंकलकडे त्यांचा एकही फोटो नव्हता. ही गोष्ट ते हसवायला सांगत आणि लोक हसतही. मी आंटींकडे पाहायचो. त्या कधी हसत नसत.

मग भारताशी जाणंयेणं सोपं झालं आणि एक दिवस अंकल जिन्यातून ओरडतच खाली आले. अक्का येणार होती! गुडघे दुखतात, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, तरी येणार होती. पेसाखच्या सणाला यायचं, सण आटोपला की हैफाला आमच्या एलियाहू हनबी प्रेषितांच्या गुहेत मलिद्याचा नवस फेडायचा आणि परत जायचं. फोटो तिथंच निघणार, गुहेबाहेरच्या पायऱ्यांवर, त्याआधी एकही नाही, हे अंकलनी जाहीर करून टाकलं. नवसाचा फोटो आहे, म्हणाले. एवढ्या वर्षांनी हातात आलेली संधी आधी उगाच खर्च करायची नव्हती त्यांना.

आणि त्याच आठवड्यात लाल झाकण गेलं. पेसाखच्या आधी आमच्यात घर किती निपटून काढतात हे ज्याला माहीत नाही त्याला सांगून पटणार नाही. आंबवलेल्या अन्नाचा कण घरात राहता कामा नये. फडताळं, खिसे, पुस्तकांची पानंसुद्धा झटकतात. आंटींच्या हाती लसणीचा वास मारणारं चटणीचं झाकण लागलं. कशाचं कोण जाणे, असं म्हणून त्यांनी ते फेकून दिलं.

संध्याकाळी अंकल कॅमेरा घेऊन आमच्याकडे आले. मला म्हणाले, "चल."

त्यानंतर आम्ही झाकण शोधायला जे हिंडलो, त्याची आठवण झाली की मला अजून लाज वाटते आणि हसूही येतं. चटणीवाल्यांनी बाटलीच बदलली होती, नवं झाकण भलतंच रुंद. मग आम्ही दुकानादुकानांत कॅमेरा काढून बाटल्यांवर टेकवून बघू लागलो. मधाच्या, ऑलिव्हच्या, बाळांच्या औषधाच्या. कुपत खोलीमच्या, म्हणजे आरोग्य विम्याच्या, दवाखान्यातल्या औषधाच्या खिडकीवर अंकलनी नर्सला विचारलं, कुठल्या आजाराच्या गोळ्यांच्या डबीला केशरी झाकण असतं. तिनं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, यांना घरी कोणी बघायला असतं ना? खोकल्याच्या औषधाचं एक झाकण बसलं, पण अंकलनी ते नाकाशी धरून परत केलं. वास गोड होता. "गोड वासानं माणूस सावध होत नाही," ते म्हणाले.

मी मात्र वैतागलो होतो. मनातून मला हा सगळा खुळेपणा वाटत होता, आणि मी काही झालं तरी 'पन्नासवाले' हा डाग धुवायला टपलेलो होतो. एव्हाना मी माझ्या कॅमेऱ्यासाठी याफोहून एक अस्सल झाकण मिळवलं होतं. या वेळी लेन्सचं बाहेरचं कडं दोऱ्यानं मापून. काळा धातू, आतून मखमल, पातळ, आणि असं हळुवार बसणारं की बसलेलं कळूही नये. आम्हा दोघांच्या लेन्सचं माप एकच. मी ते काढून त्यांच्यापुढे ठेवलं.

अंकलनी ते बसवून पाहिलं. काढलं. परत बसवलं. "फार चांगलं आहे," ते नाखुशीनं म्हणाले. "म्हणूनच नको."

"अंकल, अक्का येतेय. इतक्या वर्षांनी भावाच्या हातात कॅमेरा बघणार, आणि त्यावर काय, औषधाच्या बाटलीचं झाकण?"

हा बाण बरोबर लागला. आयुष्यभर वाईट वस्तूंचा कैवार घेणारा तो माणूस बहिणीपुढे मात्र बरा दिसू पाहत होता. त्यांनी झाकण ठेवून घेतलं. मी इतका खूश झालो की त्या रात्री जेवताना बायकोला दोनदा सांगितलं.

अक्का आली. लहानखुरी, नऊवारी नेसलेली, कानानं तिखट. विमानतळावर अंकल तिच्या पाया पडले आणि ती म्हणाली, "किती रे म्हातारा झालास!" पेसाखभर ती घरात होती आणि अंकल तिच्याभोवती नुसते घुटमळत. खुर्ची दे, पाणी दे, खिडकी लाव, खिडकी उघड. समोरासमोर बसून बोलताना मी त्यांना पाहिलं नाही. बसले की लगेच उठायचे. अंकलच्या नातवंडांशी ती मराठीत बोलायची, ती हिब्रूत उत्तरं द्यायची, आणि दोन्हीकडून कुणाला काही अडत नव्हतं.

हैफाला आम्ही बस करून गेलो. गुहेत दिवे लावले, मलिद्याची परात मांडली. गूळ-खोबरं घातलेल्या भिजल्या पोह्यांचा वास पसरला तशी अक्का म्हणाली, "आपल्या खंडाळ्याच्या खडकापाशी आहोत असं वाटतं." आमची श्रद्धा अशी की एलियाहू हनबींचा रथ कोकणात तिथं, अलिबागजवळच्या त्या खंडाळ्याला, टेकला होता. प्रार्थना झाल्या, प्रसाद वाटला आणि अंकलनी सगळ्यांना बाहेर काढलं.

पायऱ्यांवर रांगा लागल्या. मधोमध अक्का खुर्चीवर, शेजारी आंटी, मागे आम्ही. अंकलनी कॅमेरा डोळ्याला लावला. आणि मी, उजवीकडून दुसरा, त्या कॅमेऱ्याकडे बघत उभा राहिलो. काय शोभत होतं ते झाकण! कुठं फट नाही, काही नाही, कडेला उन्हाची बारीक रेघ. मनात म्हटलं, याला म्हणतात निवड. हे कौतुक मी फोटो निघत असताना करत होतो, आणि फोटो निघत असताना ते झाकण मला दिसायलाच नको, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

अंकलची सैन्यातली नात एवढंच म्हणाली, "सबा, रेगा..." म्हणजे आजोबा, एक मिनिट.

"शेकेत!" अंकल गरजले. "जिभा आत!"

झालं. एवढ्या वर्षांची शिस्त. पायऱ्यांवर उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते काळं झाकण दिसत होतं, आणि प्रत्येकानं तोंड घट्ट मिटून घेतलं. काहींना वाटलं रंगीत तालीम चालली आहे. काहींना वाटलं दुसरं कोणीतरी बोलेल. अंकल एकेक फोटो काढत होते, फिल्म पुढे सरकवत होते, खिडकीतून अक्काकडे बघत होते. मग त्यांनी सगळ्यांना बाजूला केलं आणि नुसते अक्काचे काढले. फार वेळ लावला. ती हात मांडीवर ठेवून, हूं की चूं न करता, समोर बघत बसून राहिली. शेवटी रोल संपला.

अंकलनी सवयीनं जाकिटाचा डावा खिसा चाचपला. मग उजवा. मग सगळे. चेहरा पडला. "अरे," ते मला म्हणाले, "तुझं झाकण हरवलं वाटतं."

"हरवलं कुठं?" मी अभिमानानं म्हणालो. "लेन्सवरच आहे की. मघापासून बघतोय मी."

हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मग मला त्याचा अर्थ कळला. माझ्या आयुष्यात मी इतकं मूर्ख वाक्य दुसरं बोललेलो नाही, आणि माझ्याकडे निवडीला भरपूर माल आहे.

अंकलनी कॅमेरा उलटा करून पाहिला. दुसरा रोल त्यांनी आणला नव्हता, कारण त्यांच्या मते एका नवसाला एकच रोल. माझा कॅमेरा घरी होता. झाकणाशिवाय कॅमेरा बाहेर न्यायचा नाही हे त्यांनीच मला शिकवलं होतं, आणि माझं झाकण त्यांच्याकडे होतं. बाकी कुणी कॅमेरा आणलेला नव्हता. अंकल असताना कोण आणणार?

ते पायरीवर बसले. अक्कापुढे ते एकदम लहान मुलासारखे म्हणाले, "परत तेच केलं गं मी."

"मला दिसत होतं," अक्का म्हणाली.

"दिसत होतं? मग बोलली का नाहीस?"

"तूच बोललास ना, गप बसा म्हणून." तिनं पदर सावरला. "आणि आल्यापासून तू माझ्याकडे धड बघितलं नव्हतंस रे. नुसता पळत होतास. इथं तू किती वेळ बघत बसलास. म्हटलं, बघू दे. आपण बोललो तर थांबेल."

अंकल रडले. सगळ्यांसमोर, आवाज करून रडले. मीही रडलो, पण मी एका कडेला, कारण मला त्या वेळी कुणी बघावं असं वाटत नव्हतं.

लोदला पोचल्याबरोबर मी घरी पळालो, माझा कॅमेरा घेतला आणि दोन मजले धापा टाकत चढलो. अक्काचं विमान पहाटेचं होतं, अजून वेळ होता. दार कुरकुरलं. गॅलरीत दोघं समोरासमोर बसले होते, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ. अंकलनी माझ्या हातातला कॅमेरा पाहिला आणि मान हलवली. "नको," ते म्हणाले. "आता मधे काही नको." मी आलो तसा परत गेलो.

अक्का गेल्यावर अंकल तो रोल घेऊन फोटो धुणाऱ्या रशियन माणसाकडे गेले. मी बरोबर होतो, कारण हिब्रूत भांडायला त्यांना मी लागे. त्या बिचाऱ्यानं फिल्म उजेडात धरून दाखवली, काही नाही, सगळं कोरं. अंकल म्हणाले, एक छाप. मोठा. तो म्हणाला, अहो, काळा कागद येईल. अंकल म्हणाले, येऊ दे. तो माझ्याकडे बघू लागला, त्या नर्ससारखाच. मी म्हणालो, द्या छापून.

परत येताना मी विचारलं, "हे कशाला, अंकल?"

"अंगणातला रोल मी रागानं फेकून दिला," ते म्हणाले. "ती खरी चूक. त्यात सगळे होते."

तो काळा फोटो त्यांनी चौकटीत बसवून बैठकीत लावला. येणाऱ्या प्रत्येकाला त्यापुढे उभं करत आणि बोट ठेवून सांगत. ही अक्का, जांभळं लुगडं. हा पदर वाऱ्यानं उडाला होता. ही आंटी, हिला ऊन लागत होतं. ही नात, रागावलेली. कधी चुकले नाहीत, बोट रोज त्याच जागी पडायचं. पुढे अक्का गावीच वारली, आणि काही वर्षांनी अंकलही गेले. काळं झाकण त्यांनी मला कधीच परत केलं होतं, "घे बाबा, फार चांगलं आहे," असं म्हणून.

फोटो आंटींनी मला दिला. नातवंडांनी तो कचऱ्यात टाकला असता, आणि त्यांचा तरी काय दोष? आता तो आमच्याकडे आहे. पाहुणे विचारतात, हे काय लावलंय. बायको आत निघून जाते, तिला पुढचं पाठ आहे. मी उठतो, त्यांना फोटोपुढे उभं करतो आणि बोट ठेवून सांगायला लागतो. ही मधोमध अक्का, भाऊ आपल्याकडे बघतोय म्हणून गप्प बसलेली. ही तिच्या शेजारी आंटी. आणि हा उजवीकडून दुसरा मी, सगळ्यांत खूश दिसतोय तो.